यंत्रे पाठवणाऱ्यांनो, गुरुजींना शिकवणार कधी?

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतील शिक्षकांवर महाराष्ट्र सरकार वर्षानुवर्षे अन्याय करीत आले आहे. शाळेत यंत्र पाठवायला या सरकारकडे पैसा आहे. यंत्राच्या उद्घाटनाला वेळ आहे. यंत्रावर माहिती भरली नाही म्हणून नोटीस काढण्याची तत्परता तर विचारायलाच नको. पण त्या यंत्राच्या आधाराने मूल शिकते कसे, कोणते साधन कोणत्या वर्गात उपयोगी पडते आणि कोणते निव्वळ ओझे होते, हे ज्याने ठरवायचे त्या शिक्षकाला ते शास्त्र शिकवण्याची वेळ आली की सरकारचे हात आखडतात. शैक्षणिक तंत्रज्ञान ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. जगभर तिचा पदव्युत्तर अभ्यास होतो आणि मुंबईतही होतो. तो अभ्यास नोकरी सांभाळून करण्याचा हक्क जव्हारच्या शिक्षकाला, मोखाड्याच्या केंद्रप्रमुखाला आणि त्यांच्यावरच्या अधिकाऱ्याला मिळालाच पाहिजे. तो आजवर दिला गेला नाही, हा आमचा सरकारवरचा आणि विद्यापीठांवरचा उघड आरोप आहे.

हे तालुके कोणते, ते आधी नीट पाहा. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा जव्हारचे नाव देशाला कळले. मंत्र्यांचे ताफे आले, समित्या आल्या, योजना आल्या. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. दोनच वर्षांनी, 2016 मध्ये, मोखाड्यातील कुपोषणाने राज्याला पुन्हा मान खाली घालायला लावली. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे राहतात आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. भातकापणी आटोपली की घरेच्या घरे कुलूपबंद होतात आणि भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर माणसे जगायला जातात. मुले सोबत जातात. होळीला परततात तेव्हा वर्गातले अर्धे वर्ष निघून गेलेले असते.

अशा पाड्यावरच्या शाळेत दोन शिक्षक असतात. साठपर्यंत पट असला की दोनच शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याचे गणित आहे. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. घरात वारली किंवा कातकरी बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. एक मूल चार महिने भट्टीवर राहून आलेले, दुसरे उपाशीपोटी आलेले, तिसऱ्याला अक्षरे येतात पण वाक्य लागत नाही. महाराष्ट्रात शिकवण्याचे याहून अवघड काम दुसरे नाही. म्हणून सर्वांत उत्तम शिकलेला शिक्षक इथे हवा, त्याच्या हाती सर्वांत विचारपूर्वक निवडलेली साधने हवीत आणि त्याच्या पाठीशी सर्वांत जाणता अधिकारी हवा. फिनलंडने 1979 पासून प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक केली, कारण लहान मुलांना शिकवणे हे सर्वांत जोखमीचे बौद्धिक काम आहे हे त्या देशाने ओळखले. आमच्या राज्यकर्त्यांना हे ओळखायचे नाही. दुर्गम शाळा म्हणजे कसेही चालेल, ही त्यांच्या मनातली समजूत त्यांच्या प्रत्येक निर्णयातून दिसते.

शिक्षकाला वगळून तंत्रज्ञान आणण्याचा या राज्याचा इतिहास आम्ही विसरलेलो नाही. 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक चित्रफिती तयार करणारी ती सरकारी संस्था होती. दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम खेड्यापाड्यांत गेले. तिच्यात तीन दशकांचे कसब साठले होते. मग केंद्राचे अनुदान थांबले, राज्याने जबाबदारी झटकली, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि 2017 मध्ये सरकारने ती संस्था बंद केली. ज्या वर्षी दिल्लीहून दीक्षा नावाचे नवे डिजिटल व्यासपीठ वाजतगाजत सुरू झाले, त्याच वर्षी महाराष्ट्राने स्वतःची अनुभवी संस्था मोडीत काढली. बालचित्रवाणीतले जाणकार जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांचे शिक्षक म्हणून नेमता आले असते. तेवढी दूरदृष्टी एकाही मंत्र्याने दाखवली नाही.

2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याचा जागतिक प्रयोग झाला. तीच कल्पना पेरू देशाने प्रचंड प्रमाणावर राबवली. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी तिथल्या 319 शाळांचा अभ्यास करून 2012 मध्ये निष्कर्ष मांडला की, लॅपटॉप आले तरी गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचा पुरावा मिळत नाही. शिकवण्याची रीत तीच राहिली तर यंत्राने शिकणे बदलत नाही, हा धडा त्या वर्षीच जगासमोर होता. युनेस्कोने 2023 चा आपला जागतिक शिक्षण अहवाल याच विषयाला वाहिला आणि तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर येते आहे, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. जव्हार-मोखाड्यापुरते त्याचे उत्तर आम्ही देतो: ते विकणाऱ्याच्या आणि आकडे मागणाऱ्याच्या अटींवर येते आहे. शिकवणाऱ्याला कोणी विचारलेलेच नाही.

22 जून 2015 रोजी प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि शाळा डिजिटल करण्याची शर्यत लागली. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने त्याआधीच दाखवून दिले होते की, कल्पक शिक्षक आणि गावाची साथ मिळाली तर पाड्यावरही काय घडू शकते. त्या उदाहरणातून सरकारने शिक्षक उचलायचा होता, त्याने उचलला पडदा आणि प्रोजेक्टर. लोकवर्गणी काढा, साधने आणा, शाळा डिजिटल झाल्याचे कळवा, असा धोशा लागला. अनेक शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. पुढे बिल थकले म्हणून शाळांची वीज तोडली गेली, यंत्रे दुरुस्तीअभावी कपाटात गेली, आणि आकडेवारीत मात्र शाळा डिजिटलच राहिल्या. ही राज्याने स्वतःचीच केलेली फसवणूक होती आणि तिची किंमत मुलांनी मोजली.

त्या किमतीचा हिशेब करोनाच्या काळात पुरता उघड झाला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 रोजी उघडले. वीस महिने! शाळा बंद पण शिक्षण सुरू, अशी घोषणा सरकार देत राहिले. घरात मोबाइल नाही, असला तर रेंज नाही, रेंज असली तर रिचार्जला पैसे नाहीत, अशा पाड्यांना पाठवल्या त्या लिंक. त्या काळात आदिवासी भागातले शिक्षक पायी पाड्यापाड्यांवर गेले, झाडाखाली आणि ओट्यावर मुले बसवली, हाताने कार्यपत्रिका लिहून वाटल्या. तंत्रज्ञानाचा योग्य वापर म्हणजे परिस्थिती पाहून साधन निवडणे, हे त्या शिक्षकांना समजले होते. लिंक पाठवणाऱ्या मंत्रालयाला समजले नव्हते. त्या शिक्षकांच्या अनुभवाचे शास्त्र कोणी लिहिले का? त्यांना एखाद्या विद्यापीठाने बोलावून, या, तुमच्या कामावर संशोधन करा, पदवी घ्या, असे म्हटले का? कोणीही म्हटले नाही. साथ ओसरली आणि तो सारा अनुभव वाया गेला.

शैक्षणिक तंत्रज्ञान ही परदेशातून आणायची वस्तू आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी याच जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीकडे पाहावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. वारली मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. धाकट्यांसाठी अंगणात बालवाडी भरवली, आणि त्या अंगणवाडीचे नाव पुढे देशभर गेले. मोजायला बिया आणि खडे घेतले, पाने-फुले, शंख-शिंपले घेतले. मुलाचे निरीक्षण, त्यावरून साधनाची निवड, साधनाची वर्गात परीक्षा, चुकले तर बदल: ही शैक्षणिक तंत्रज्ञानाची संपूर्ण पद्धत या दोन बायांनी डहाणूच्या जंगलात उभी केली. त्यांना पद्मभूषण आणि पद्मश्री देऊन देशाने गौरवले. त्यांच्याच जिल्ह्यात आज शिक्षकाला साधन निवडण्याचा अधिकार नाही, त्याची परीक्षा करण्याचे शिक्षण नाही आणि ते नाकारण्याची मुभा तर मुळीच नाही. ताराबाईंचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला याची लाज वाटली पाहिजे.

आता विद्यापीठांचा समाचार घेऊ. मुंबईत जुहूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आहे. पवईच्या आयआयटीत याच विषयात पीएच.डी.पर्यंत संशोधन चालते. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2006 पासून नोकरी करणाऱ्यांसाठी प्राथमिक शिक्षणातील एम. ए. चालवले, आणि 2015 पासून क्लिक्स या प्रकल्पात राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोरामच्या सरकारी शाळांतील शिक्षकांना तंत्रज्ञानासह शिकवण्याचे पदव्युत्तर प्रमाणपत्र दिले. मुंबईत घडलेले हे ज्ञान मिझोरामपर्यंत पोचले. मुंबईहून दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या जव्हारला ते का पोचू नये? मोखाड्यातले मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते. मुंबई इथले पाणी नेते, इथले मजूर नेते. इथल्या शिक्षकांना आपल्या विद्यापीठांतले ज्ञान देण्याची पाळी आली की त्याच मुंबईला डोंगर आडवे येतात काय?

आणि नाशिक? 1989 मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जव्हारला मुंबईपेक्षा जवळ आहे. ज्ञानगंगा घरोघरी, हे त्याचे ब्रीद आहे. सेवेतील शिक्षकांना बी. एड. देऊन या विद्यापीठाने मोठे काम केले, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षाही मोठी आहे. आदिवासी भागातील शाळांसाठी, बहुवर्ग अध्यापनासाठी, बोलीभाषांसाठी आखलेला शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम या विद्यापीठाने स्वतःहून जव्हारला आणायला हवा होता. आता त्याने एक दिवसही दवडू नये.

सरकार म्हणेल, आम्ही प्रशिक्षणे देतो. होय, देता. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने शिक्षकाला वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाचा हक्क सांगितला, आणि तुम्ही तो चित्रफिती पाहून प्रमाणपत्र डाउनलोड करण्यावर आणून ठेवला. 2022 मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवड श्रेणीच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी तुम्ही शिक्षकांकडूनच 2,000 रुपये शुल्क घेतले. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली. परीक्षा शिक्षकाने द्यायची, शुल्क शिक्षकाने भरायचे, तर मग शिकवण्याचे कर्तव्य कोणाचे? चार दिवसांच्या कार्यशाळेत बटणे दाबायला शिकवता येते. वर्गाची समस्या ओळखणे, तिच्यावर उपाय रचणे, तो दोन वर्षे तपासणे आणि निष्कर्ष निर्भीडपणे मांडणे यासाठी पदव्युत्तर अभ्यासाचीच शिस्त लागते.

ज्याला हा अभ्यास करायचा आहे त्याची वाट किती काटेरी आहे, ते सोलापूरच्या परितेवाडीच्या शिक्षकाने देशाला दाखवले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी गाजलेल्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. 2022 च्या जानेवारीत त्यांना अमेरिकेतील फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी रजा हवी होती, ती अडली, आणि अखेर शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावे लागले. त्या वादात प्रशासनाचेही म्हणणे होते आणि त्याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. आमचा प्रश्न साधा आहे. जगाने गौरवलेल्या शिक्षकाच्या अध्ययन रजेसाठी मंत्र्याला फोन उचलावा लागतो, तर मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या बाईंनी कोणाचा दरवाजा ठोठवायचा म्हणजे ठोठावायचा? अध्ययन रजेची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये आहे. मग परवानगीचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढता चढता शैक्षणिक वर्ष का संपते?

अधिकाऱ्यांविषयी तर अधिक कठोरपणे बोलले पाहिजे, कारण खरेदीच्या कागदावर सही त्यांची असते. कोणता टीव्ही, कोणता टॅब, कोणते सॉफ्टवेअर, वीज नसताना काय चालेल, पावसाळ्यात काय टिकेल, बिघडले तर दुरुस्त कोण करील, वारली मुलाला पडद्यावरची मराठी कळेल का: हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण ज्याला दिलेच नाही, त्याला पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर विसंबून राहावे लागते. केंद्रप्रमुखाने दहाएक शाळांचा शैक्षणिक मार्गदर्शक व्हावे म्हणून ते पद निर्माण झाले. आज त्याचा दिवस माहिती तातडीने सादर करा, असे संदेश खाली ढकलण्यात जातो, आणि राज्यभर या पदांतली कित्येक रिकामी पडून आहेत. सरल आणि यू-डायस या माहिती भरण्याच्या प्रणाली, पोषण आहाराचे ॲप, हजेरीचे ॲप, शाळेतून माहितीचा उपसा अखंड चालू आहे. ती माहिती वाचून मोखाड्याच्या अमुक शाळेत वाचन का खुंटले, याचे उत्तर परत त्या शाळेला देणारा माणूस मात्र व्यवस्थेत कुठे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देऊ नये असे बजावले. दिवसभर ॲपमध्ये आकडे भरणे हे शैक्षणिक काम आहे, असे छातीठोकपणे सांगणारा अधिकारी आमच्यासमोर यावा.

काही जण म्हणतील, आधी छप्पर द्या, पाणी द्या, रिकामी पदे भरा, पदव्युत्तर पदवीचे लाड नंतर. या युक्तिवादानेच आदिवासींना पिढ्यान्पिढ्या तळाशी ठेवले आहे. छप्पर हा हक्क आहे, पाणी हा हक्क आहे आणि विद्वान शिक्षक हाही हक्कच आहे. यांतला एक देऊन दुसरा बुडवण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. दुसरे म्हणतील, पदवी मिळाली की शिक्षक बदली घेऊन शहराकडे पळेल. मग पदवीनंतर ठरावीक वर्षे याच तालुक्यात सेवा करण्याची अट घाला, आणि प्रवेशात स्थानिक आदिवासी शिक्षकांना पहिले स्थान द्या. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदे स्थानिक आदिवासींमधून भरण्याचे धोरण राज्यपालांच्या 2019 च्या अधिसूचनेने मांडलेलेच आहे. मुलाची बोली जाणणारा शिक्षक आणि त्याच्या हाती साधनांचे शास्त्र, हा संगम जव्हारला घडला तर महाराष्ट्राला तिथे शिकायला जावे लागेल.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जव्हार येथे शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे केंद्र सुरू करा. मुक्त विद्यापीठाने पुढाकार घ्यावा आणि मुंबईच्या संस्थांनी आपले अध्यापक पाठवावेत. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्यक्ष वर्ग घ्या, एरवी शिक्षकाच्या स्वतःच्या शाळेलाच प्रयोगशाळा माना. शिक्षकाकडून एक रुपयाही शुल्क घेऊ नका, तो भार शालेय शिक्षण आणि आदिवासी विकास या दोन खात्यांनी मिळून उचलावा. प्रबंध लिहिण्यासाठी पूर्ण पगारी अध्ययन रजा द्या आणि त्या काळात शाळेत बदली शिक्षक नेमा, म्हणजे एकाच्या शिक्षणासाठी मुलांचे शिक्षण थांबणार नाही. प्रबंधाचे विषय इथल्या मातीतले असू द्या: वारली आणि कातकरीतून ऐकण्याचे पाठ, भट्टीवर गेलेल्या मुलाचा अभ्यास चालू ठेवण्याची रीत, विजेविना चालणारी साधने. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांना हा अभ्यास बंधनकारक करा, आणि अशा जाणकाराच्या लेखी अभिप्रायाशिवाय या तालुक्यांत एकाही शैक्षणिक यंत्राची खरेदी होऊ देऊ नका.

शिक्षक संघटनांनाही आमचे सांगणे आहे. पगारासाठी, बदल्यांसाठी तुम्ही रस्त्यावर उतरता, तो तुमचा हक्क आहे. ज्ञानाच्या या मागणीसाठी एकदा जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयावर मोर्चा आणा. मग जनता तुमच्या मागे कशी उभी राहते ते पाहा.

शालेय शिक्षणमंत्री, आदिवासी विकासमंत्री, पालघर जिल्हा परिषदेचे पदाधिकारी आणि विद्यापीठांचे कुलगुरू, उत्तर तुम्ही द्यायचे आहे. समिती नको, पाहणी दौरा नको, आश्वासन तर अजिबात नको. येत्या जूनमध्ये जव्हारला पहिला वर्ग भरला पाहिजे. तो भरत नाही तोवर या दोन तालुक्यांत नव्या यंत्राची फीत कापायला येण्याचा नैतिक अधिकार तुमच्यापैकी एकालाही नाही, आणि आलात तर इथल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी तुम्हाला दारातच जाब विचारावा, असे आवाहन आम्ही करीत आहोत.